डबल बेल

१

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सहाला उठायचं, पावणेसातला बाबांना मोटरसायकलवर मागे बसवायचं, सातच्या आत डायलिसिसच्या खुर्चीत पोचवायचं आणि अकराला परत आणायचं. मग दोन घास खाऊन मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायला मोकळा. दीड वर्ष झालं, आमचं घर ह्या तीन वारांवर चालतं.

लोक विचारतात, आजारी माणसाला मोटरसायकलवर कशाला नेता? बंद गाडीत बाबांना मळमळतं, हे त्याचं उत्तर. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं की दुसऱ्या वळणाला त्यांच्या पोटात ढवळतं. मोटरसायकलवर तोंडाला वारा लागतो आणि स्वारी खुलते. शिवाय मागे बसून मुलाच्या चुका काढायला मिळतात, ते सुख वेगळंच. "मागच्याला ब्रेक कळला की ड्रायव्हर नापास," हे मी दिवसातून दोनदा ऐकतो, जाताना एकदा आणि येताना एकदा.

पहिल्याच महिन्यात ते मागून पडले. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, ग्लानी येते. सिग्नल सुटला, मी गाडी काढली आणि मागचं वजन नाहीसं झालं. वेग चालण्याइतकाच होता म्हणून कोपरावर निभावलं. ड्रेसिंग करताना तिथली सिस्टर म्हणाली, "आज कोपर आहे. उद्या खुबा असेल. आणि ह्या आजारात खुबा मोडला की माणूस परत उठत नाही, मी बघितलंय." तिनं सांगितलं ते घाबरवायला नव्हे, पण मी घाबरलो तो कायमचा.

पट्ट्यानं माझ्या कमरेला बांधून घेऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?" मग सीटच्या मागे लोखंडी टेकू बसवून घेतला आणि बाकीची पद्धत बाबांनीच काढली, बसमधली. माझ्या खांद्यावर बोटांनी दोनदा वाजवलं की डबल बेल, म्हणजे निघ. एकदा वाजवलं की थांब. प्रत्येक सिग्नलला डबल बेल मिळाल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही, मागे कोणी कितीही हॉर्न वाजवो. बेल आली नाही म्हणजे बाबांचा डोळा लागला. मग बाजूला घ्यायचं, उठवायचं, पाण्याचा एक घोट द्यायचा. ह्या पद्धतीपायी मी रस्त्यावर खूप शिव्या खाल्ल्या, पण बाबा पुन्हा पडले नाहीत.

बेल नेहमी उजव्या खांद्यावर. बाबांच्या डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शिरा जोडून केलेली जागा आहे. त्या हातावर भार द्यायचा नाही, त्यानं काही धरायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. तो हात ते तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसतात.

२

पाण्याच्या टाकीपाशी सिग्नल लागतो. एका गुरुवारी परत येताना तिथं डबल बेल मिळाली आणि मी निघालो. पन्नास पावलं पुढं गेल्यावर लक्षात आलं, की ती डाव्या खांद्यावर वाजली होती.

"बाबा, डावा हात वापरू नका हो," मी ओरडून सांगितलं. उत्तर आलं नाही. पुढच्या सिग्नलला पुन्हा डाव्याच खांद्यावर दोनदा. मी चरफडलो. सिस्टरचं नाव सांगून दम दिला. घराच्या फाटकापाशी गाडी थांबवली, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, "पोचलो पण? मला आत्ताच जाग आली रे. दवाखान्याच्या दारातून निघालो तेवढं आठवतंय."

मधे सहा सिग्नल होते. सहाही ठिकाणी मला डबल बेल मिळाली होती.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणालं, "धुरकट दिसतंय," की आम्ही आधी काच पुसतो, मग डोळ्यांचं बघतो. मीही आधी काच पुसली. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा वाऱ्यानं आपटत असेल, म्हणून पिशवी पेट्रोलच्या टाकीवर बांधली. जाकिटाची शिवण उसवली असेल, म्हणून जाकीट घातलंच नाही. खांद्याचा स्नायू उडत असेल, म्हणून आठवडाभर तेल चोळून घेतलं. बायको म्हणाली, "ह्या वयात कौतुकं करून घ्यायला बरं सुचतंय." बेल वाजतच राहिली. जाताना बाबा जागे असत, तेव्हा उजवीकडे. येताना बाबा झोपले, की डावीकडे.

बाबांची बोटं हाडकुळी आणि हलकी आहेत. ही बोटं जड होती, रुंद होती, आणि दुसऱ्यांदा वाजवल्यावर जरा वेळ तिथंच टेकून राहायची. गेलेल्या आईची म्हणावीत, तर आई उभ्या जन्मात मोटरसायकलवर बसली नाही. नुसती फटफट ऐकली तरी ती पदर सावरून भिंतीकडे सरकायची.

एकदा मी धीर करून नेमक्या त्या क्षणी डाव्या आरशात बघितलं. बाबांचं हेल्मेट माझ्या पाठीकडे झुकलेलं होतं. डावा हात मांडीवर, उजवा बाजूच्या कडीला सैल अडकलेला. आणि माझ्या डाव्या खांद्यावर शर्ट चार ठिकाणी दबला, सुटला, पुन्हा दबला.

घरी येऊन मी टेप घेतली आणि बाबा बसतात ती जागा सोडून मागच्या टेकूपर्यंत किती उरतं ते मोजलं. साडेचार इंच. एवढ्यात कोणी बसू शकत नाही, हे मी स्वतःला दोनदा समजावलं.

पण झोपलेला माणूस कुठल्या तरी बाजूला कलतो. बाबा कलत नव्हते. वळणावर, खड्ड्यात, गतिरोधकावर ते सरळ असायचे, कोणी दोन्ही बगलांत हात घालून धरावं तसे. आणि खरं सांगतो, महिन्याभरात माझी भीती कमी झाली. मी निर्धास्त गाडी चालवायला लागलो. येताना बाबा सुखानं झोपायचे. त्यांना उठवून पाणी पाजणं बंद झालं, शिव्या खाणं बंद झालं. कोणी का असेना, माझ्या बापाला धरून बसतंय, म्हणून मी मनातल्या मनात त्याचे उपकार मानायला लागलो.

बाबांना मी आडून आडून सांगून बघितलं. ते म्हणाले, "कंडक्टर जागा असेल तर ड्रायव्हरनं मागे बघायचं नसतं." चेष्टेनं म्हणाले की कसं, ते कळलं नाही.

३

त्या मंगळवारी बाबा खुर्चीतून उठले तेच पांढरेफटक. सिस्टरनं त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं, दोनदा रक्तदाब बघितला आणि म्हणाली, "आता ठीक आहे. पण सावकाश जा."

पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता, म्हणून पंपावर वळलो. पेट्रोल भरताना मागच्यानं उतरायचं, हा तिथला नियम. बाबा उतरले. "मी जरा टेकतो," म्हणाले आणि टायरमधे हवा भरतात तिथं एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्याकडे निघाले. माझ्यापुढे चार गाड्या होत्या. माझा नंबर आला, टाकी भरली, मी गाडी पुढं काढली आणि रस्त्याकडे तोंड करून दोन्ही पाय टेकून थांबलो.

मागून पावलं आली. डाव्या खांद्यावर भार पडला, गाडी मागून खाली दबली, टेकू करकरला.

"बसलात नीट?" मी विचारलं.

डाव्या खांद्यावर डबल बेल वाजली. माझ्या अंगवळणी पडलं होतं ते. मी निघालो.

पंपानंतर उड्डाणपूल लागतो. त्याच्या डाव्या कठड्याचं काम चाललं होतं. कठडा तोडून तिथं नुसती रिकामी पिंपं मांडून ठेवली होती आणि पिंपांपलीकडे खालचा रस्ता दिसत होता. तिथं मी वीसच्या वर जात नाही. बाबांचं मन रमावं म्हणून मी बोलत होतो. न्हाणीघरातल्या नळाचा वायसर गेलाय, शेजारच्यांनी जिन्यात सायकल लावलीय, दुकानात एक आजीबाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत आल्या होत्या. मागून उत्तर नव्हतं, पण येताना ते नसायचंच. सहाही सिग्नलना डबल बेल मिळाली.

फाटकापाशी थांबलो. "उतरा सावकाश," मी म्हणालो. डाव्या खांद्यावर एवढा भार पडला की मी वाकलो. मग गाडी मागून हळूहळू वर आली, मागचं माणूस उतरल्यावर येते तशी. मी हँडलला कुलूप घातलं, टाकीवरची पिशवी सोडली आणि मागे वळलो. कोणी नव्हतं.

बाबा एकटेच जिना चढायला लागले, असं मला वाटलं. आज भलतीच तरतरी आहे, असंही वाटलं.

४

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा प्रत्येक वळणावर दम खातात. मी भराभर वर गेलो, पण ते मला कुठंच भेटले नाहीत. घराचं दार उघडं होतं.

"बाबांना पाणी दिलंय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आत बसलेत. लगेच वाढू का?"

माझा जीव भांड्यात पडला. मी पिशवी ठेवली आणि हात धुवायला गेलो. ती पोळी लाटता लाटता बोलतच होती. "तुम्हीच सांगा त्यांना. डाव्या हातानं ग्लास घेतला. मी म्हटलं, बाबा, तो हात नको. लक्षच दिलं नाही."

माझे हात नळाखाली तसेच राहिले.

बाबांच्या खोलीत कोणी नव्हतं. खिडकीच्या बाजूला पलंगाच्या कडेवर चादर खोलगट दबली होती. स्टुलावर ग्लास होता, अर्धा भरलेला. बाबांना दिवसाचं पाणी मोजून मिळतं. आमच्या घरात त्यांच्याइतकं निपटून ग्लास कोणी रिकामा करत नाही.

बायको दारात येऊन उभी राहिली. "गेले कुठं?"

"तू चेहरा बघितलास का त्यांचा?"

"पाठमोरे बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मला वाटलं दमलेत." मग ती भिंतीकडे बघायला लागली. तिथं दोन खिळे आहेत, दोन हेल्मेटांचे. मी आत आल्या आल्या माझं अडकवलं होतं. बाबांचा खिळा रिकामा होता.

"अहो, बाबा कुठं आहेत?" तिनं विचारलं.

ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या बापाला पेट्रोल पंपावर विसरून आलो होतो.

५

पंपाकडे परत जाताना मी त्या बेल वाजवणाऱ्याला शिव्या घातल्या. रस्त्यावर मोठ्यानं, माणसं वळून बघत होती. दोन महिने गोड गोड बेल वाजवून माझा विश्वास कमावलास आणि म्हाताऱ्याला उन्हात सोडून त्याच्या जागेवर बसलास. गाडी मागून हलकी होती आणि प्रत्येक खड्ड्यात उडत होती. बाबांचा फोन माझ्याच पिशवीत होता. रडू येत होतं आणि हेल्मेटमधे डोळे पुसता येत नव्हते.

पंपावर हवा भरण्याच्या यंत्रापाशी चार माणसं वाकून उभी होती. बाबा गोणपाटावर आडवे होते, पाय टायरवर उंच ठेवलेले. हवा भरणारा माणूस पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत होता. बाबांचे डोळे उघडे होते.

"आले बघा," तो म्हणाला. "खुर्चीतून घरंगळले हो. मी शेजारीच होतो म्हणून झेललं, नाहीतर डोकं फरशीवर होतं. पार बेशुद्ध. आमच्या बायकोला बाळंतपणात असंच व्हायचं. तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, पाय वर करा. केले."

"कधी झालं हे?"

"तुमची गाडी बाहेर पडली आणि दोन मिनिटांत. तुम्ही डबल सीट गेलात, म्हणून मला वाटलं, हे आजोबा एकटेच आलेत. हाक मारायचंही सुचलं नाही."

पंपापासून दोन मिनिटं म्हणजे पुलाचा मध्य, जिथं कठडा नाही. पिंपांपाशी बाबांची शुद्ध गेली असती. ग्लानी वेगळी, शुद्ध जाणं वेगळं. बेशुद्ध माणसाचं सगळं अंग एकदम ओघळतं. त्याला साडेचार इंचांत बसून कोणी किती धरणार? बहुधा धरता आलं नसतं. म्हणूनच त्यानं बाबांना गाडीवर बसू दिलं नव्हतं.

मी खाली बसलो आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते, पण हलत होते.

"तीस वर्षांत," बाबा हळूच म्हणाले, "मी एक प्रवासी स्टॉपवर विसरलो नाही."

"चुकलं, बाबा."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

हवावाल्याचे मी हात धरले. किती वेळा आभार मानले ते आठवत नाही. शेवटी तो ओशाळला. मी उठताना त्याला विचारलं, "माझ्या मागे कोण बसलं होतं, बघितलंत का?"

त्यानं आठवून बघितलं. "चेहरा नाही दिसला. मोठा माणूस होता. तुमच्या पाठीला तोंड लावून बसला होता." एवढं बोलून तो टायर लोटत यंत्राकडे गेला. नंतर मी तिथं होतो तोवर त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

६

सिस्टरनं बाबांना परत बोलावलं, सलाईन लावलं, तीन तास हलू दिलं नाही. चार वाजता आम्ही घरी आलो. ह्या वेळी गाडी भाड्याची होती, सगळ्या काचा उघड्या, तरी बाबांनी दोनदा पिशवीत तोंड घातलं. मोटरसायकल मी बुधवारी जाऊन घेऊन आलो.

बायकोनं तो ग्लास घासून पालथा घालून ठेवला होता. चादर बदलली होती. "बाबांना आपल्या खोलीत झोपवू," ती कुजबुजली. बाबांनी ऐकलं नाही. त्यांचा पलंग, त्यांची खिडकी. ते आत गेले आणि भिंतीच्या बाजूला सरकून आडवे झाले. इतकी वर्षं मधोमध हातपाय पसरून झोपणारा माणूस. खिडकीकडची अर्धी जागा त्यांनी रिकामी सोडली.

"बाबा, असे कडेला का?"

"इथं बरं वाटतंय," ते म्हणाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. दीड वर्षांत मी त्यांना असं घोरताना ऐकलं नव्हतं.

आम्ही दोघं उंबऱ्यात बसून होतो. आत जायचा धीर होत नव्हता आणि दार लावून घ्यायचाही होत नव्हता. बाबांच्या घोरण्याखाली आणखी एक श्वास ऐकू येतोय असं वाटायचं. मी कान दिला की तो बाबांच्याच श्वासात मिसळायचा. काच पुसून झाली होती, आता मी डोळ्यांवरही संशय घेऊन बघितला. काही उपयोग झाला नाही.

"मला भीती वाटते," बायको म्हणाली.

"मलाही."

मग तीच म्हणाली, "पण बाबा आहेत ना. आज काय झालं असतं, ते मनात सुद्धा आणवत नाही." तिनं त्या रिकाम्या बाजूकडे बघून हात जोडले. मीही जोडले. इतक्या भीतीत माणसाला इतकं कृतज्ञ वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरात कोण येऊन राहिलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते निघून जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

७

गुरुवारी भाड्याची गाडी सांगायची असं ठरलं होतं. बाबांनी तिचं नाव काढू दिलं नाही. "ओकून ओकून मरण्यापेक्षा तुझ्या मागे बसतो," म्हणाले. हट्टाला पेटले की ते कोणाचं ऐकत नाहीत.

पावणेसातला खाली उतरलो. मी गाडीवर बसलो, ते माझ्या उजव्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसले, डावा हात मांडीवर घेतला आणि डबल बेल दिली.

मी थांबलो. जाताना डावीकडे कधीच बेल वाजत नव्हती, हे मला माहीत होतं. पण गेले दोन महिने जाता-येता गाडी मागून जेवढी दबायची, तेवढी आज दबली नव्हती. एकाच माणसाचं वजन होतं ते. मी पाय टेकवून दोनदा गाडी हलवून बघितली. मागे नुसते बाबा होते, वाळलेले, हलके, आणि टेकूपर्यंत साडेचार इंच रिकामे. अकरा वाजता हेच बाबा ग्लानीत असणार होते. तोच पूल होता आणि तीच पिंपं.

"काय रे, बेल दिली की," बाबा म्हणाले. मी हललो नाही. मग त्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, "कोणी राहिलंय का?"

"हो," मी म्हणालो. "एक मिनिट."

त्यांना उतरवून पायरीवर बसवलं आणि मी वर गेलो. बायकोनं दार उघडलं. "काय विसरलं?" तिनं विचारलं आणि माझं तोंड बघून बाजूला झाली.

बाबांच्या खोलीत ऊन यायला अवकाश होता. पलंगावर खिडकीच्या बाजूला चादर दबलेली होती. मी उंबऱ्यातच थांबलो. काय म्हणून हाक मारायची ते कळेना.

"निघायचंय," मी म्हणालो. "उशीर होतोय."

काही झालं नाही.

"परवा तुम्ही होतात म्हणून ते आहेत. माझ्याच्यानं एकट्यानं व्हायचं नाही. चला ना."

पलंग करकरला. चादर हळूहळू वर आली. मी नजर जमिनीवर वळवली, दार पूर्ण उघडून धरलं आणि एखाद्या जड माणसाला खोली ओलांडायला लागेल तेवढा वेळ तसाच उभा राहिलो. बायको बोळातल्या भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, वाट सोडून उभी होती.

मग मी पुढं झालो. जिना उतरताना मागे वळून बघितलं नाही. एकेक पायरी सावकाश उतरलो आणि कठड्याची बाजू मोकळी ठेवली.